कर्सरला अक्षर कळते का?

लिहिणे म्हणजे कोऱ्या पानावर नवे शब्द उतरवणे, असे आपण सहसा धरून चालतो. जो रोज लिहितो त्याला ठाऊक असते की त्याचा बराचसा वेळ आधी लिहिलेल्या मजकुरात हिंडण्यात जातो. तिसऱ्या परिच्छेदातले एक विशेषण काढायचे असते, खालचे वाक्य वर न्यायचे असते, मध्येच नाव बदललेली नायिका सगळीकडे सारखी करायची असते. संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या वाट्याला हे हिंडणे आणखी जास्त येते. म्हणून मजकुरात कमी श्रमांत कसे फिरावे, याचा विचार त्यांनी जितका केला तितका आपण साहित्यवाल्यांनी केलेला नाही. त्या विचारातून गेल्या पन्नास वर्षांत जी साधने घडली त्यांना 'टेक्स्ट एडिटर' म्हणतात. या लेखात मी त्यांच्याकडे टीकाकाराच्या नजरेने पाहणार आहे.

माझा मुद्दा असा आहे. प्रत्येक एडिटर मजकुराविषयी काही मते बाळगून असतो. अक्षर कशाला म्हणावे, शब्द कुठे संपतो, वाक्य कुठे सुरू होते, याची उत्तरे त्याच्या पोटात आधीच भरलेली असतात आणि आपले बोट त्या उत्तरांप्रमाणे चालते. इंग्रजी मजकुरात ही मते नजरेला येत नाहीत, कारण ती त्या मजकुरावरूनच बेतलेली आहेत. मराठी मजकूर समोर आला की ती उघडी पडतात, आणि त्यांची किंमत मराठी लिहिणारा, टंकणारा, तपासणारा रोज मोजत असतो.

मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी नाही. महात्मा फुले मंडईच्या आवारात चालणाऱ्या अखंड वादांना पुण्यात 'मंडई विद्यापीठ' म्हणायची जुनी पद्धत आहे. माझे शिक्षण त्याच जातीचे. शुक्रवार आणि बुधवार पेठेतल्या डीटीपीच्या दुकानांत बसून, विचारून, करून पाहून झालेले. त्यामुळे पुढची तपासणी हाताने केलेली आहे.

क्रियापद आणि कर्म

१९७६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉय या विद्यार्थ्याने 'व्हीआय' नावाचा एडिटर लिहिला. तेव्हा घरून काम करायचे तर टेलिफोनच्या तारेतून, सेकंदाला जेमतेम तीस अक्षरे या गतीने. पडदा पुन्हा रंगवायला इतका वेळ लागे की तोवर माणसाने पुढचा विचार करून ठेवावा. त्यामुळे कमीत कमी कळांत जास्तीत जास्त काम ही व्हीआयची गरजच होती. जॉयच्या हाताखाली 'एडीएम-३ए' नावाचा टर्मिनल होता. त्याच्या कळफलकावर डावा, खालचा, वरचा आणि उजवा बाण एच, जे, के, एल या चार कळांवरच छापलेले होते. ते टर्मिनल केव्हाच गेले. बाणांसाठी वेगळ्या कळा आल्या. पण व्हीआय वापरणारे आजही त्याच चार कळांनी फिरतात, कारण त्यासाठी हात जागचा हलवावा लागत नाही.

व्हीआयची खरी करामत मात्र बाणांत नाही. त्याने कळफलकाला व्याकरण दिले. त्यात दोन अवस्था आहेत. एका अवस्थेत कळ दाबली की अक्षर उमटते. दुसऱ्या अवस्थेत तीच कळ आज्ञा होते. आज्ञेत एक क्रियापद आणि एक कर्म असते. 'डी' म्हणजे पूस, 'डब्ल्यू' म्हणजे एक शब्द. दोन्ही लागोपाठ दाबले की एक शब्द जातो. मध्ये तीनचा आकडा घातला की तीन शब्द जातात. 'सी' म्हणजे बदल. शब्दाच्या जागी वाक्य किंवा परिच्छेद म्हणायचे असेल तर क्रियापद तेच राहते आणि कर्म बदलते. दहा क्रियापदे आणि दहा कर्मे शिकणाऱ्याला वीस गोष्टी पाठ कराव्या लागतात आणि शंभर आज्ञा हाती येतात. ब्राम मूलेनार या डच प्रोग्रामरने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'व्हिम' या सुधारित रूपात हे व्याकरण आणखी वाढले. अवतरणाच्या आतले, कंसाच्या आतले, अशी नवी कर्मे त्यात आली. २०२३ साली मूलेनार वारले, तोवर ते हे काम करत होते.

या रचनेवर सर्वांत नेमकी टीका लॅरी टेस्लर यांनी केली. झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात सत्तरीच्या दशकात त्यांनी टिम मॉट यांच्याबरोबर 'जिप्सी' हा एडिटर केला. आज आपण सहज वापरतो ते 'कट, कॉपी, पेस्ट' त्याच कामातून रूढ झाले. टेस्लर यांचा अवस्थांना कडवा विरोध होता, इतका की त्यांच्या मोटारीच्या पाटीवरही 'नो मोड्स' असे लिहिलेले असे. एकच कळ कधी अक्षर आणि कधी आज्ञा असेल तर माणूस चुकणारच, हे त्यांचे म्हणणे. सर्वसामान्य लिहिणाऱ्यापुरते ते जिंकले. आपण वापरतो ते बहुतेक सगळे सॉफ्टवेअर टेस्लर यांच्या बाजूचे आहे.

मला दोघांचेही अर्धे पटते. जो लिहितो कमी आणि वाचत-दुरुस्त करत जास्त बसतो, त्याला आज्ञेची वेगळी अवस्था सोयीची पडते. तपासनीस, संपादक, अनुवादक हे सगळे या वर्गातले. उलट एका बैठकीत पत्र लिहून उठणाऱ्याला ती डोकेदुखी वाटेल. व्हीआयवाल्यांचा एक पंथ झाला आहे आणि किती कळांत काम उरकले याच्या बढाया त्यात मारल्या जातात. त्या मला पोरकट वाटतात. दुरुस्तीत खरा वेळ नजरेचा आणि निर्णयाचा जातो. बोटाची बचत झाली तर ती लक्ष विचलित होत नाही एवढ्यापुरतीच मोलाची.

मात्र टेस्लर आणि जॉय यांच्या वादात एक गोष्ट दोघांनीही गृहीत धरलेली होती. मजकूर रोमन लिपीतला आहे, आणि कळफलकही एकच आहे.

परकत

मराठी लिहिणाऱ्याच्या कळफलकाला मुळातच दोन अवस्था असतात. एक इंग्रजी, एक मराठी. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी 'इनस्क्रिप्ट' हा कळफलक ठरवला. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने, अशी त्याची सुबक मांडणी आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले आणि इथूनच ते छापखान्यांत, कचेऱ्यांत पोहोचले. पण इनस्क्रिप्ट चालू ठेवून व्हीआयमध्ये एच, जे, के, एल दाबून पाहा. कर्सर हलत नाही, कारण यंत्राला त्या कळा प, र, क, त अशा पोहोचतात, आणि 'परकत' नावाची कुठली आज्ञा व्हीआयला माहीत नाही. दर वेळी भाषा बदला, आज्ञा द्या, पुन्हा भाषा बदला.

व्हिमने यावर एक चांगला तोडगा काढला. परभाषेचा कळफलक एडिटरच्या आतच बसवायचा आणि तो फक्त लिहिण्याच्या अवस्थेत लागू करायचा. आज्ञेच्या अवस्थेत कळा आपोआप रोमन होतात. ईमॅक्स या व्हीआयच्या समवयस्क एडिटरातही देवनागरी अशीच आतून लिहिता येते आणि त्याच्या आज्ञा शाबूत राहतात. म्हणजे ही अडचण सुटण्यासारखी होती आणि सुटलीही. ज्यांनी सोडवली त्यांना त्यासाठी मराठी येण्याची गरज नव्हती. त्यांनी एवढेच ओळखले की लिहिण्याची लिपी आणि फिरण्याची कळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढची अडचण मात्र लिपीच्या पोटातली आहे.

'स्वातंत्र्य' किती पावलांचे?

'स्वातंत्र्य' हा शब्द घ्या. अभंगाची अक्षरे मोजणारा कुणीही सांगेल की यात तीन अक्षरे आहेत: स्वा, तं, त्र्य. मोठ्या अभंगाचे सहा, सहा, सहा, चार असे चरण बोटांवर मोजत आलेल्या भाषेला हे शिकवावे लागत नाही. संगणकाच्या साठवणीत मात्र हा शब्द अकरा चिन्हांचा आहे. स, हलन्त, व, काना, त, अनुस्वार, त, हलन्त, र, हलन्त, य. आता कर्सर उजवीकडे सरकवा. तो किती पावलांत शब्द पार करतो? तीन की अकरा?

बरीच वर्षे याचे उत्तर सहा असे होते. मात्रा आणि अनुस्वार आपल्या व्यंजनाला चिकटलेले धरायचे, पण हलन्तानंतर तोडायचे, असा जागतिक युनिकोड प्रमाणाचा नियम होता. त्यामुळे स्, वा, तं, त्, र्, य असे सहा तुकडे पडत. व्हिममध्येही हीच गत. डोळ्यांना एकच 'त्र्य' दिसतो आणि कर्सर त्यावर तीनदा अडखळतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यातली देवनागरी भारतीय 'इस्की' प्रमाणावर आधारलेली. जोडाक्षर हे एक एकक आहे, अशी तरतूद या तुकडे पाडण्याच्या नियमांत देवनागरीसाठी झाली ती २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत. आता नियमाने 'स्वातंत्र्य' तीन तुकड्यांचा होतो. अभंगाच्या हिशेबापर्यंत पोहोचायला प्रमाणाला बत्तीस वर्षे लागली. आणि नियम झाला म्हणजे तो प्रत्येक एडिटरात उतरला असे नव्हे.

उशीर का झाला याचे एक कारण मला असे दिसते. अक्षराची आपल्याकडे एकच कल्पना कधीच नव्हती. खिळे जुळवणाऱ्यासाठी अक्षर म्हणजे केसच्या खणातला शिशाचा तुकडा. रेमिंग्टन पद्धतीच्या मराठी टंकयंत्रावर 'ग' उमटवायचा तर अर्धा ग आणि मग काना दाबायचा, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी मारायची, आणि काही मात्रांच्या कळांनी गाडा पुढे सरकतच नसे. तिथे अक्षर म्हणजे डोळ्यांना दिसणारा आकार, ज्या क्रमाने दिसतो त्या क्रमाने. इनस्क्रिप्टने हे उलटवले. 'कि' लिहिताना आधी क, मग वेलांटी, जसे उच्चारतो तसे. ही कल्पना मला शास्त्रशुद्ध वाटते आणि सी-डॅकच्या पिढीचे ते मोठे काम आहे. पण तिच्यात लिहिण्याचा क्रम ठरला, फिरण्याचे पाऊल ठरले नाही.

आकाराच्या बाजूने आपल्याकडे थोर माणसे झाली. टिळकांनी देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी मेहनत घेतली. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी 'मंगल' हा फाँट घडवला आणि विंडोजमधून तो घरोघर गेला. शुद्धलेखनाच्या बाजूने तर आपल्याकडे वादांची वाण कधीच नव्हती. मजकुरात फिरण्याची बाजू मात्र कुणीच आपली मानली नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. तुकडे नेहमी पूर्ण अक्षराचेच असावेत असेही नाही. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये बॅकस्पेस दाबला की शेवटचे एकच चिन्ह पुसले जाते आणि डिलीट दाबला की पुढचा सगळा समूह जातो. वरवर पाहता ही विसंगती आहे. पण ती शहाणपणाची आहे. आत्ताच चुकून ऱ्हस्व वेलांटी दिली असेल तर फक्त वेलांटी काढायची असते, तिच्याखालचे जोडाक्षर पुन्हा बांधायचे नसते. फिरताना अक्षर हवे, मागे फिरून पुसताना चिन्ह हवे. ज्याने हे ठरवले त्याला भारतीय लिप्यांत लिहिणाऱ्याचा हात कळला होता.

शब्द आणि वाक्य

अक्षरावरून शब्दाकडे येऊ. सराईत माणूस बाणाच्या कळेने फिरतच नाही. तो शब्दाशब्दाने उड्या मारतो किंवा थेट शोध घेऊन जातो. शोध हाच सर्वांत वेगवान प्रवास. पायथन या लोकप्रिय भाषेच्या नेहमीच्या शोधयंत्रणेला 'शब्दातली अक्षरे शोध' असे सांगून 'मंडई' दिली तर ती 'म' आणि 'डई' असे दोन तुकडे परत देते. अनुस्वार हे तिच्या लेखी अक्षरच नाही. मात्रांचेही तेच. ज्या साधनांत हा नियम आंधळेपणाने वापरला जातो तिथे मराठी शब्दाच्या चिंध्या होतात.

जुन्या डीटीपी फाँटांत तर याहून गंमत होती. तिथे मराठी आकार रोमन अक्षरांच्या आणि विरामचिन्हांच्या जागी बसवलेले. पडद्यावर 'मराठी' दिसे, पोटात अधोरेषा, दोन-चार रोमन अक्षरे आणि एखादे गणिती चिन्ह असे कडबोळे असे. शब्दाची उडी मारावी तर कर्सर शब्दाच्या मधोमध थांबे, कारण त्याला तिथे विरामचिन्ह भेटे.

युनिकोडने हे संपवले, तरी एक काटा राहिला आहे आणि तो खास मराठीचा आहे. 'दऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र दोन प्रकारांनी साठवता येतो: एकदा 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह घेऊन, एकदा साध्या 'र'ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोध मात्र एकाला दुसरा ओळखत नाही. हस्तलिखित तीन जणांनी टंकले असेल तर 'वाऱ्यावर' शोधणाऱ्याला काही ठिकाणे सापडतच नाहीत आणि ती सुटली आहेत हे त्याला कळतही नाही.

याही पलीकडे सामान्यरूप आहे. व्हिममध्ये एका कळेने कर्सरखालचा पूर्ण शब्द पुढे जिथे असेल तिथे जाता येते. प्रोग्रामच्या मजकुरात ही आज्ञा सोन्यासारखी आहे, कारण तिथे नाव एकदा ठेवले की त्याला विभक्ती लागत नाही. मराठीत 'पाणी'वर उभे राहून ही कळ दाबली तर 'पाण्यात', 'पाण्याखालून' यांतले काहीच मिळत नाही. 'फूल'चे 'फुलांवर' होताना तर मुळातला ऊकारच बदलतो. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचे. सामान्यरूपाचे नियम तेव्हापासून छापील स्वरूपात आपल्यापुढे आहेत. ते एडिटरच्या शोधात उतरवणे अवघड आहे, अशक्य नाही. कादंबरीत पात्राचे नाव बदलणाऱ्या प्रत्येक लेखकाला त्याची गरज पडते.

वाक्याची कथा वेगळीच. व्हिममधली वाक्याची उडी पूर्णविराम आणि त्यानंतरची मोकळी जागा पाहून ठरते. मराठी गद्यात ती चालते, याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना द्यावे लागेल. 'विरामचिन्हांची परिभाषा' हे त्यांचे पुस्तक १८५० चे. पाश्चात्त्य विरामचिन्हे मराठीत रुजली ती त्या काळात. कँडींच्या आधीच्या पोथीत किंवा दंडांनी तोललेल्या ओवीत हीच उडी कुठेच थांबत नाही आणि परिच्छेदाच्या टोकाला जाऊन पडते. उलट कँडींनंतरच्या समीक्षेत ती नको तिथे थांबते. 'पु. ल. देशपांडे' असे लिहिले की कर्सर 'पु.'वर एक वाक्य संपवतो आणि 'ल.'वर दुसरे. मराठी वाङ्मयाचा इतिहास आद्याक्षरांनीच भरलेला असल्यामुळे एकेका पानावर अशी किती वाक्ये पडत असतील ते मोजून पाहण्यासारखे आहे. मी माझ्यापुरती चार ओळींची आज्ञा लिहून घेतली आहे. ती दंडावर थांबते आणि एकाक्षरी आद्याक्षरावर थांबत नाही. व्हीआयच्या व्याकरणाची ताकद इथे कळते. त्यात नवे कर्म घालता येते.

करेक्शन लावणे

हे सगळे प्रोग्रामरांचे लाड आहेत, असे कुणाला वाटेल. मंडईजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात एक ताई अभंगांच्या एका संग्रहाची करेक्शन लावत होत्या. माउसला त्यांनी हात लावला नाही. तपासलेल्या प्रुफाचा गठ्ठा त्यांनी उलटा धरला होता, शेवटचे पान वर. विचारले तेव्हा म्हणाल्या, "काका, पुढून लावत गेलं की मागची पानं सरकतात. प्रुफावरचा पान नंबर आणि स्क्रीनवरचा नंबर मग जुळत नाही." ओळीच्या क्रमांकांवरून चुका दुरुस्त करणारे प्रोग्रामरही याच कारणाने खालून वर जातात. जिथे शंका असेल तिथे त्या तीन फुल्या टंकून पुढे जात आणि शेवटी फुल्या शोधत परत येत. व्हीआयमध्ये याला 'खूण' म्हणतात आणि त्यासाठी स्वतंत्र कळ आहे. ताईंनी व्हीआयचे नावही ऐकलेले नव्हते. चांगले फिरणे कसे असते हे कामाने त्यांना शिकवले होते.

साधन मात्र त्यांना साथ देत नव्हते. जोडाक्षरातला एक अवयव बदलायचा तर त्या पूर्ण शब्द पुसून पुन्हा टंकत. "मध्ये शिरून नीट करण्यापेक्षा नवा लिहिलेला परवडतो," असे त्यांचे म्हणणे. हे वाक्य मला महत्त्वाचे वाटते. छापील मराठीतल्या चुकांचे खापर आपण लेखकाच्या आळसावर, शाळांवर, इंग्रजीवर फोडतो. त्यात तथ्य असेलही. पण चूक दिसल्यावर तिच्यापर्यंत पोहोचणे आणि तेवढीच दुरुस्त करणे महाग पडत असेल, तर दिवसाला शेकडो करेक्शन लावणारा माणूस काही चुका दिसूनही सोडणारच. पूर्ण शब्द पुन्हा टंकताना नवी चूक शिरते ती वेगळी. शुद्धलेखनाच्या चर्चेत या हिशेबाला जागा मिळालेली नाही.

आपली परीक्षापद्धतीही हा हिशेब करत नाही. सरकारी लिपिक-टंकलेखकाची पात्रता मराठीत मिनिटाला ३० आणि इंग्रजीत ४० शब्द या वेगाने ठरते. टंकयंत्राच्या काळात ते बरोबर होते. उमटलेले अक्षर कागदावरून हलत नसे, त्यामुळे पुढे जाण्याचा वेगच सगळे काही होता. आज कचेरीतला मसुदा दहा वेळा बदलतो. शंभर पानांत एक नाव सगळ्या विभक्तींसह बदलायला किती वेळ लागतो, हे कुणी विचारत नाही. आता बोलून मजकूर टंकण्याची सोय फोनवर आली आहे आणि लोक म्हणतात की कळफलकच जाणार. माझा अंदाज उलटा आहे. पहिला मसुदा जितका स्वस्त होईल तितकी दुरुस्ती वाढेल, आणि दुरुस्ती म्हणजे मजकुरात हिंडणे.

करायला हवे ते फार अवाढव्य नाही. २०२३ च्या नियमाप्रमाणे जोडाक्षर एका पावलात ओलांडणारा कर्सर. 'ऱ्य'ची दोन्ही रूपे एकच मानणारा शोध. सामान्यरूप ओळखणारी शब्दाची उडी. दंड जाणणारी आणि आद्याक्षरांना न फसणारी वाक्याची उडी. यांतल्या प्रत्येकासाठी मराठीचे व्याकरण माहीत असलेला एक आणि प्रोग्राम लिहिता येणारा एक, असे दोघे एका टेबलाशी बसावे लागतात. पुण्यात दोन्ही प्रकारची माणसे भरपूर आहेत. मंडईच्या मेट्रो स्थानकातून रोज संध्याकाळी वर येणाऱ्या गर्दीत संगणकावर दिवसभर कोड तपासून परतणारी कितीतरी मुलेमुली असतात, आणि तिथून पाच मिनिटांवर अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकाने आहेत. व्हिम आणि ईमॅक्स दोन्ही मुक्त आहेत. त्यांचे पोट उघडून पाहायला कुणाची परवानगी लागत नाही. दामल्यांचे व्याकरण तर आपल्या घरचेच आहे.